तो ‘जर’ कुठे गेला? अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांना खुलं पत्र

सिनेट आणि हाऊसच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

नमस्कार.

तुमच्यापैकी तिघंजण माझे प्रतिनिधी आहेत, दोन सिनेटर आणि हाऊसमधले एक, आणि त्या तिघांच्या ऑफिसला हेच पत्र इंग्रजीत गेलंय. इथे मराठीत टाकतेय कारण या विषयावरची माझी सगळी भांडणं मराठीतच झालीत, नवऱ्याशी, भावाशी, कॉलेजच्या ग्रुपवर, इराकच्या वेळेपासून आजपर्यंत, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं "अगं त्यांच्या गुप्तचर खात्यानेच सांगितलंय" आणि वाद तिथेच संपतो. मला तो तिथे संपू द्यायचा नाहीये. गुप्तचर खात्याने नक्की काय सांगितलं, कुठल्या शब्दांत सांगितलं, आणि ते तुमच्या माइकपर्यंत येता येता त्यातलं काय गळून पडलं, त्याबद्दल बोलायचंय.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर स्कॅन बघायचे आणि रिपोर्ट लिहायचे. आमच्या रिपोर्टमध्ये "आहे" हा शब्द फार जपून येतो. "असल्यासारखं दिसतंय", "शक्यता कमी", "नाकारता येत नाही", "तीन महिन्यांनी परत स्कॅन करून तुलना करावी", असं सगळं. लोक वैतागतात, डॉक्टर तर जास्तच वैतागतात, पण यातला एकेक शब्द आम्ही तोलून टाकलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका पेशंटच्या फुप्फुसात छोटी गाठ दिसली. मी लिहिलं की जुन्या इन्फेक्शनची असण्याची शक्यता जास्त आहे, तरी लक्ष ठेवा. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, रडत होती, म्हणाली "डॉक्टर, तुम्ही बाबांना कॅन्सर लिहिलाय ना, किती दिवस आहेत ते तरी सांगा." मी रिपोर्ट उघडला, परत वाचला, तो शब्द रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता. मग मागे मागे जाऊन विचारत गेले. एकाने "लक्ष ठेवा" चं "काळजीचं आहे" केलं होतं, दुसऱ्याने "काळजीचं" चं "गंभीर", आणि घरी पोचेपर्यंत तो कॅन्सर झाला होता. यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. प्रत्येकाने फक्त एक शब्द सोडला होता किंवा थोडा जड केला होता. तीन महिन्यांनी गाठ निम्मी झालेली दिसली, पण त्या घराने ते तीन महिने कसे काढले असतील ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

त्या दिवसापासून मी तुमची भाषणं वेगळ्या कानांनी ऐकते. आणि मूळ रिपोर्ट जेवढे जाहीर झालेत तेवढे सगळे वाचते.

गुप्तचर विश्लेषकांचीही हीच रड आहे आणि ती जुनी आहे. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का यावर एक एस्टिमेट, म्हणजे गुप्तचर यंत्रणेचा लेखी अंदाज, लिहिलं गेलं, त्यात शब्द होते "गंभीर शक्यता". स्टेट डिपार्टमेंटच्या, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या, एका अधिकाऱ्याने असे अंदाज लिहिणाऱ्या सीआयएच्या बोर्डातल्या शर्मन केंट यांना सहज विचारलं की म्हणजे किती हो? केंट म्हणाले, माझ्या मते ६५ विरुद्ध ३५, हल्ला होण्याच्या बाजूने. तो माणूस दचकलाच, कारण त्याने त्याचा अर्थ बराच कमी लावला होता. मग केंटनी आपल्याच बोर्डातल्या लोकांना विचारलं, ज्यांनी एकत्र बसून त्या वाक्यावर मान डोलावली होती, तर कोणाच्या मनात २० टक्के होते आणि कोणाच्या मनात ८०. एकच वाक्य, एकाच टेबलावर मंजूर झालेलं! तेव्हापासून हे शब्द बांधून घ्यायचा प्रयत्न चालू आहे आणि आज तुमच्या गुप्तचर यंत्रणेत लिखित नियमच आहे, की "लाइकली" म्हटलं तर ५५ ते ८० टक्के, "व्हेरी लाइकली" म्हटलं तर ८० ते ९५, आणि घटनेची शक्यता आणि आपली खात्री या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळायच्या नाहीत. खरंच चांगला नियम आहे. फक्त तो लिहिणाऱ्यांना लागू आहे, बोलणाऱ्यांना नाही.

आता २००२. तुमच्यातले काहीजण तेव्हाही सभागृहात होते.

ऑक्टोबर २००२ चं इराकवरचं नॅशनल इंटेलिजन्स एस्टिमेट तीन आठवड्यांच्या आत तयार झालं, तेही सिनेटच्या गुप्तचर समितीतल्या सदस्यांनी मागितलं म्हणून. त्यात अणुबॉम्बबद्दल म्हटलं होतं की सद्दामकडे अजून बॉम्ब नाही. पुढे दोन वाटा दिल्या होत्या. बाहेरून पुरेसं बॉम्बलायक मटेरियल मिळालं, तर काही महिने ते एक वर्ष. आणि बाहेरून मिळालं नाही, स्वतःच बनवायला लागलं, तर २००७ ते २००९ च्या आधी बहुधा नाही. म्हणजे पाच ते सात वर्षं.

७ ऑक्टोबरला सिनसिनाटीमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश बोलले. ते म्हणाले की इराकने सॉफ्टबॉलपेक्षा थोडंसंच मोठं एवढं युरेनियम बनवलं, विकत घेतलं किंवा चोरलं तर वर्षभराच्या आत त्यांच्याकडे बॉम्ब असू शकतो. वाक्य नीट बघा. "तर" आहे त्यात, कोणी म्हणणार नाही की खोटं आहे. पण "बनवलं" हा शब्द "विकत घेतलं, चोरलं" च्या रांगेत येऊन बसला, आणि स्वतः बनवायचं तर पाच-सात वर्षं लागतील ही जी दुसरी वाट होती ती भाषणात आलीच नाही. त्याच भाषणात पुढे होतं की शेवटच्या पुराव्याची वाट बघत बसता येणार नाही, तो मशरूमच्या आकाराच्या ढगाच्या रूपात येऊ शकतो. आता सांगा, ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय राहणार? सॉफ्टबॉल, एक वर्ष, ढग. मला आठवतंय, मीही ते भाषण टीव्हीवर ऐकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मीच कोणाला तरी सांगितलं होतं की अगं वर्षभरात बॉम्ब होणार त्याच्याकडे. मी "जर" सोडला होता. मीसुद्धा.

त्या नळ्यांचं तर मी कितीदा वाचलंय. इराकने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मागवल्या होत्या, ८१ मिलिमीटर व्यासाच्या. सीआयएचं म्हणणं, या युरेनियम एनरिच करणाऱ्या, म्हणजे ते बॉम्बलायक करत नेणाऱ्या, सेंट्रिफ्यूज यंत्रांसाठी. ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ म्हणाले की नाही, हे मापाला बसत नाही, ८१ मिलिमीटरचं रॉकेट इराक आधीपासून बनवतोय आणि नळ्या बरोब्बर त्याच मापाच्या आहेत. (ऊर्जा खातंही इतर खुणांवरून कार्यक्रम परत सुरू झालाय असं मानत होतं, हे सांगायला हवं, नाहीतर मीही सोयीचं तेवढं उचलल्यासारखं होईल.) स्टेट डिपार्टमेंटची गुप्तचर शाखा, आयएनआर, तर म्हणाली की अणुबॉम्बचा एकसंध कार्यक्रम चालू आहे असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावाच आमच्यासमोर नाही. हे सगळं त्या गुप्त एस्टिमेटमध्ये लिहिलेलं होतं, नावानिशी.

८ सप्टेंबरला, म्हणजे एस्टिमेट यायच्याही आधी, बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राइस सीएनएनवर म्हणाल्या की या नळ्या खरं तर अणुकार्यक्रमासाठीच योग्य आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एस्टिमेटची जी जाहीर आवृत्ती लोकांना मिळाली तिच्यात काय होतं? बहुतेक तज्ज्ञांना वाटतं की नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, पण काहींना वाटतं की त्या बहुधा साध्या शस्त्रांसाठी असाव्यात. "काहींना". ते काही म्हणजे कोण, तर ज्या खात्याकडे देशातले सेंट्रिफ्यूजचे खरे जाणकार आहेत ते खातं! हृदयाच्या एक्स-रेबद्दल दहा जणांना विचारलं आणि त्यातला एकटा हृदयाचा डॉक्टर वेगळं सांगतोय तर "काहींचं मत वेगळं" असं लिहून कसं चालेल? आणि ठिकठिकाणचं "आम्हाला वाटतं", "आमचा अंदाज आहे" हेही त्या जाहीर आवृत्तीतून काढलेलं होतं, हे सिनेटच्याच समितीने २००४ च्या अहवालात नोंदवलंय. अंदाज होता तो वस्तुस्थितीसारखा छापला गेला.

आमच्या भाषेत ‘ध चा मा करणं’ असा वाक्प्रचार आहे. गोष्ट सांगतात ती अशी की राघोबादादांच्या चिठ्ठीत "नारायणरावांना धरावे" होतं, कोणीतरी एक अक्षर बदलून "मारावे" केलं आणि पेशव्याचा जीव गेला. तिथे निदान एक अक्षर बदलायला कोणाला तरी दौतीत बोरू बुडवावा लागला. इथे कोणी काही बदललंच नाही, फक्त गाळलं, आणि गाळणाऱ्याचं हस्ताक्षर सापडत नाही.

इराकने आफ्रिकेतल्या नायजरकडून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केला, या वाक्याचंही तसंच, फक्त ते जाऊन परत आलं. सिनसिनाटीच्या भाषणातून सीआयएने सांगून ते काढायला लावलं होतं. २८ जानेवारी २००३ ला स्टेट ऑफ द युनियनमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक भाषणात, ते सोळा शब्दांत परत आलं, आता "ब्रिटिश सरकारला कळलंय की" असं म्हणून. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अल् बरादेईंनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की नायजरच्या व्यवहाराची म्हणून दाखवलेली कागदपत्रं अस्सल नाहीत. दोन आठवड्यांनी युद्ध सुरू झालं होतं. जुलैत सीआयएचे प्रमुख टेनेट म्हणाले की ते सोळा शब्द भाषणात यायला नको होते.

आणि तुम्ही? ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाची परवानगी देणाऱ्या ठरावावर हाऊसमध्ये २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. मूळ एस्टिमेट नव्वदहून जास्त पानांचं होतं, कुलूपबंद खोलीत ठेवलेलं, तुमच्यापैकी कोणालाही जाऊन वाचता आलं असतं. वॉशिंग्टन पोस्टने नंतर छापलं की पाच पानांच्या सारांशाच्या पुढे जाऊन वाचणारे सिनेटर सहाच्या वर नव्हते आणि हाऊसचे मूठभर. सिनेटच्या गुप्तचर समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी वाचलं होतं, त्यांनी विरोधात मत दिलं. त्याच समितीतले सिनेटर डिक डर्बिन यांनी पुढे २००७ मध्ये सभागृहात सांगितलं की आत बंद खोलीत जे ऐकायला मिळत होतं आणि बाहेर लोकांना जे सांगितलं जात होतं ते जुळत नव्हतं, राग येत होता, पण गुप्ततेची शपथ होती म्हणून बोलता आलं नाही. मला त्या माणसाची तळमळ कळते. पण जवळजवळ साडेचार हजार अमेरिकन सैनिक गेले आणि इराकी माणसं एक लाखाहून कितीतरी जास्त, त्यांच्या घरच्यांना ही शपथ कशी समजावणार?

सगळं खापर राजकारण्यांवर फोडायचं नाहीये मला. रासायनिक आणि जैविक शस्त्रांबद्दल ते एस्टिमेट स्वतःच चुकलेलं होतं, मोठ्या खात्रीने चुकलेलं. त्यामागे एक जुनी जखम होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर निरीक्षक इराकमध्ये गेले तेव्हा कळलं की सद्दामचा अणुकार्यक्रम सीआयएला वाटत होता त्यापेक्षा बराच पुढे गेलेला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं, परत कमी लेखलं म्हणून कोणी बोल लावू नये या धास्तीने यावेळी जास्त धरलं गेलं. आणि नंतर, युद्धानंतर शस्त्रं शोधायला नेमलेल्या इराक सर्व्हे ग्रुपने सगळं उकरून बघितलं तर अणुकार्यक्रम १९९१ नंतर परत उभाच राहिला नव्हता. आमच्याकडे एखादा डॉक्टर एकदा कॅन्सर चुकवतो आणि पुढची पाच वर्षं प्रत्येक सावलीला बायोप्सी सांगत सुटतो, अगदी तसंच हे. यावर उपाय म्हणूनच ते शंकेचे शब्द असतात, आणि म्हणूनच ते गळले की राग येतो मला.

आता इराण. इथे उलटं घडलं, आणि मला वाटतं हे जास्त बोध घेण्यासारखं आहे.

१७ ऑक्टोबर २००७ ला बुश म्हणाले की तिसरं महायुद्ध टाळायचं असेल तर इराणला अण्वस्त्र बनवायचं "ज्ञान" मिळण्यापासून रोखायला हवं. ३ डिसेंबरला नवीन एस्टिमेटचे मुख्य निष्कर्ष जाहीर झाले, आणि पहिलंच वाक्य असं की २००३ च्या शरद ऋतूत इराणने आपला अण्वस्त्र कार्यक्रम थांबवला असं आम्ही मोठ्या खात्रीने मानतो. दोनच वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, याच यंत्रणेने तितक्याच मोठ्या खात्रीने सांगितलं होतं की इराण अण्वस्त्र बनवायचा निर्धार करून बसलाय! आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर बुश म्हणाले की ऑगस्टमध्येच त्यांना नवीन माहिती आल्याचं कानावर घातलं होतं, फक्त ती काय ते सांगितलं नव्हतं. आता परत ते ऑक्टोबरचं वाक्य वाचा, "ज्ञान". शस्त्र नाही, कार्यक्रम नाही, ज्ञान. रिपोर्ट बदलतोय म्हटल्यावर धोका तेवढाच मोठा ठेवायचा असेल तर शब्दाची खुंटी उपटून दुसरीकडे ठोकायची. मुद्दाम केलं का हे मला ठरवता येणार नाही, पण ज्ञान कुठलाही बॉम्ब टाकून नष्ट होत नाही, म्हणजे तशा धोक्याला कधी शेवटच नाही.

पण दुसऱ्या बाजूचं काय? ज्यांना युद्ध नको होतं, म्हणजे माझ्यासारख्यांनी, त्या दिवशी टाळ्या वाजवल्या आणि तळटीप वाचलीच नाही. पहिल्याच वाक्याला तळटीप होती, की अण्वस्त्र कार्यक्रम म्हणजे आम्ही बॉम्बची रचना, तो जोडण्याचं काम आणि चोरून केलेलं एनरिचमेंट एवढंच धरतोय, जाहीर केलेलं एनरिचमेंट नाही. आणि इराणच्या नतान्झ केंद्रात जाहीर एनरिचमेंट तर चालूच होतं. त्याच परिच्छेदात होतं की इराण बॉम्बचा पर्याय उघडा ठेवतोय असं मध्यम ते मोठ्या खात्रीने वाटतं. हेडलाइन मात्र "थांबवला" एवढीच झाली. इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी तर तो आपला विजय म्हणून मिरवला.

त्या कागदात सुरुवातीलाच एक पान होतं, आम्ही कुठला शब्द कशासाठी वापरतो ते सांगणारं, आणि त्यात लिहिलंय की मोठी खात्री म्हणजे वस्तुस्थिती नव्हे आणि असे निष्कर्षही चुकू शकतात. इतकं प्रांजळ वाक्य सरकारी कागदात मी क्वचितच वाचलंय. ते वाक्य मी कोणत्याही नेत्याच्या तोंडून ऐकलेलं नाही, कुठल्याही पक्षाच्या.

एक गोष्ट जरा फोड करून सांगते कारण त्यावरच सगळा घोळ होतो. "इराण बॉम्बपासून किती दूर" याला एक उत्तर नाही, तीन घड्याळं आहेत. एका बॉम्बला पुरेल एवढं युरेनियम ९० टक्क्यांपर्यंत एनरिच करायला किती वेळ लागेल हे पहिलं. त्या युरेनियमचा स्फोट होईल असं यंत्र जोडायला किती, हे दुसरं. आणि ते क्षेपणास्त्राच्या टोकावर बसेल इतकं लहान आणि दणकट करायला किती, हे तिसरं. इराणसोबतच्या २०१५ च्या अणुकरारात पहिलं घड्याळ साधारण वर्षभरावर नेऊन ठेवलं होतं, २०१८ मध्ये ट्रम्प त्यातून बाहेर पडले, आणि जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन म्हणाले की आता बहुधा एक-दोन आठवडे. ते आठवडे पहिल्या घड्याळाचे. टीव्हीवर मात्र "बॉम्बपासून दोन आठवडे" असं येतं, आणि बाकीची दोन घड्याळं भिंतीवरून गायब. पहिलं घड्याळ खरंच धोक्याचं आहे, त्यात मला शंका नाही, जून २०२५ मध्ये इस्रायलचे हल्ले सुरू झाले तेव्हा इराणकडे ६० टक्क्यांचं युरेनियम सुमारे ४४० किलो होतं असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे, आणि वीज बनवायला ६० टक्के लागत नाही. मग तेच सांगा ना, जसं आहे तसं. ते तेवढंच पुरेसं गंभीर आहे.

२५ मार्च २०२५ ला सिनेटच्या गुप्तचर समितीसमोर राष्ट्रीय गुप्तचर संचालक म्हणून तुलसी गॅबार्ड यांनी दोन गोष्टी सांगितल्या. इराण अण्वस्त्र बनवत नाहीये आणि खामेनेईंनी २००३ मध्ये थांबवलेला कार्यक्रम परत सुरू करायला मंजुरी दिलेली नाही, असं यंत्रणेचं मत कायम आहे. आणि इराणचा एनरिच्ड युरेनियमचा साठा अण्वस्त्रं नसलेल्या कुठल्याही देशाकडे कधी नव्हता एवढा आहे. दोन्ही एकाच निवेदनात. जूनमध्ये एका बाजूने पहिलं वाक्य उचललं, दुसऱ्या बाजूने दुसरं, आणि ग्रुपवर आमचंही तेच झालं, भाऊ एक स्क्रीनशॉट टाकतोय आणि मी दुसरा. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना विमानात विचारलं तर म्हणाले, त्या काय म्हणाल्या याची मला पर्वा नाही, इराण बॉम्बच्या अगदी जवळ होता. तीन दिवसांनी म्हणाले, त्या चूक आहेत. मग गॅबार्ड यांनीच पोस्ट केलं की इराण काही आठवडे ते महिन्यांत अण्वस्त्र बनवू शकतो, त्यांनी जोडणी पुरी करायचं ठरवलं तर. तेवीस वर्षांनी परत तोच "तर". आणि परत तो वाक्याच्या शेपटाला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही.

मग फोर्दो, नतान्झ, इस्फहान या इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकेचे बॉम्ब पडले, राष्ट्राध्यक्ष म्हणाले की सगळं पूर्ण नष्ट झालं. दोन-तीन दिवसांत डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सीचा प्राथमिक अंदाज फुटला, की कार्यक्रम काही महिनेच मागे गेलाय. यावर शिक्का होता "कमी खात्री". आणि आता परत माझ्या बाजूचे लोक. आम्ही तो शिक्का सोडून दिला. "बघा, काहीच झालं नाही" म्हणून पसरवलं. सरकारने तो रिपोर्ट साफ चूक म्हटला, आम्ही तो साफ खरा म्हटला, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांनी यातलं काहीच म्हटलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्या एजन्सीच्या प्रमुखांना पदावरून काढलं. पुढच्या वेळी कमी खात्रीचा, पण नकोसा वाटणारा अंदाज कागदावर उतरवताना तिथल्या विश्लेषकाचा हात थबकणार नाही का? मी रिपोर्ट लिहिते, मला माहीत आहे हात कशाने थबकतो.

हे फक्त धोका फुगवण्यापुरतं नाही हेही लक्षात ठेवा. १९८५ मध्ये तुमच्याच काँग्रेसने कायदा केला की पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असं राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून दिलं तरच मदत जाईल. वर्षामागून वर्ष "नाही" असं लिहून दिलं गेलं, गुप्तचर यंत्रणा पाकिस्तानच्या कहूटा अणुकेंद्रात काय चाललंय ते सांगत असताना, सगळा जोर "बाळगत नाही" या एका शब्दावर देऊन, कारण अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या आणि पाकिस्तान हवा होता. फौजा १९८९ मध्ये गेल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये तो दाखला देणं बंद झालं. बॉम्ब काही त्या एका वर्षात उगवला नव्हता. गरज संपली तशी नजर साफ झाली, हे आमच्या उपखंडातल्या माणसांनी फार जवळून बघितलंय.

म्हणून माझं मागणं सांगते. युद्धाची परवानगी देणारं किंवा थांबवणारं कुठलंही मत द्यायच्या आधी त्या खोलीत जाऊन बसा आणि पूर्ण एस्टिमेट वाचा, सारांश नाही, स्टाफने काढलेल्या नोट्स नाहीत, आणि वाचलं की नाही हे मतासोबत जाहीर करा. त्यात कुठलीच गुप्त गोष्ट फुटत नाही. सुनावणीत कोणी मंत्री म्हणाला की गुप्तचर यंत्रणा असं मानते, तर एकच विचारा, कुठल्या खात्रीने, आणि वेगळं मत कोणाचं होतं. वेगळं मत असेल तर जाहीर आवृत्तीत "काही" नको, खात्याचं नाव हवं. आणि आत वाचलेलं आणि बाहेर सांगितलं जातंय ते जुळत नसेल तर गप्प बसू नका. सिनेटच्या १९७६ च्या ठराव ४०० मध्ये कलम ८ आहे, त्यानुसार लोकहितासाठी गुप्त माहिती उघड करायची प्रक्रिया समिती सुरू करू शकते, राष्ट्राध्यक्षांनी हरकत घेतली तर प्रश्न पूर्ण सिनेटपुढे येतो. जवळपास पन्नास वर्षं ते कलम नुसतं पडून आहे. डर्बिन यांना जे सभागृहात पाच वर्षांनी सांगावं लागलं ते वेळेवर सांगायची वाट तुमच्याच नियमात आहे, अवघड असेल, पण आहे.

आणि तुमच्या भाषणात "जर" असेल तर तो वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, जरा जोर देऊन.

त्या पेशंटच्या मुलीचा फोन आला त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतलीये, अवघड रिपोर्ट असेल तर नुसता पाठवून मोकळी होत नाही, फोन उचलते आणि समोरच्या डॉक्टरकडून माझंच वाक्य परत म्हणवून घेते. दोन मिनिटं लागतात. बऱ्याचदा त्यांनी वेगळंच ऐकलेलं असतं. तुमच्या समित्यांच्या बंद बैठकांत विश्लेषक समोर बसलेले असतात, त्यांना एवढंच म्हणा, उद्या मी बाहेर जाऊन हे असं सांगणार आहे, तुम्ही लिहिलंय ते हेच का?

माझ्या तिन्ही प्रतिनिधींच्या ऑफिसकडे माझा पत्ता आहे. इराणवरचं शेवटचं एस्टिमेट तुम्ही पूर्ण वाचलंय का, एवढंच मला कळवा. "हो" किंवा "नाही" एवढं एका शब्दाचं उत्तर आलं तरी चालेल, आलं की इथेच खाली टाकेन.

तुमची,
एक मतदार